स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी

"आमचा घटस्फोट झालाय," म्हणत रेखानं (नाव बदललंय) पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला. 500 रुपयांचा स्टॅम्पपेपर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. दुसरं लग्न जुळत होतं आणि मुलाकडच्यांनी कोर्टाचा हुकूमनामा मागितला होता. "हाच चालेल ना?"

असा कागद घेऊन येणारी ती पहिली नव्हे. नोटरी सह्या साक्षांकित करतो, लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच संपतं. (काही समाजांतला रूढीचा काडीमोड कायदा मानतो, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. रेखाकडे तशी नव्हती.) म्हणजे ती अजून विवाहित, आणि असं दुसरं लग्न रद्दबातल तर ठरतंच, शिवाय गुन्हाही होतो.

ती बराच वेळ लॅमिनेशनचा सुटलेला कोपरा नखानं दाबत बसली. मग खरी भीती बाहेर आली. "कोर्ट म्हणजे लाखो रुपये आणि दहा वर्षं ना हो?"

भांडण असेल तर लांबतं, खोटं कशाला सांगू. पण इथे दोघंही राजी होते आणि दोन वर्षं वेगळे राहत होते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातलं कलम 13ब अशांसाठीच आहे. किमान वर्षभर वेगळं राहणं झालं की दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर 6 महिन्यांनी, पण 18 महिन्यांच्या आत, पुन्हा कोर्टापुढे येऊन तेच सांगायचं. पोटगी, मुलं, देणंघेणं सगळं मिटलेलं असेल आणि नांदण्याची शक्यताच उरली नसेल, तर कोर्ट मधले 6 महिने माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलंय. मात्र हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं.

खर्चात कोर्ट फी किरकोळ असते, खिसा हलका होतो तो वकिलाच्या फीने. ती एकरकमी की दर तारखेला, हे आधीच लिहून घ्यावं. आणि बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 1987 चा कायदाच तसा आहे. रेखा शाळेत शिकवते, तरी तिला हे ठाऊक नव्हतं.

मला खटकलं ते वेगळंच. त्या कागदात 'यापुढे काही देणेघेणे नाही' अशी ओळ होती. "दागिने?" मी विचारलं. "सासूबाईंकडे." स्त्रीधन तिचंच होतं, आणि ती ते आपणहून सोडून आली होती. मी कोरा कागद पुढे केला. तिनं पहिली ओळ लिहिली : आईच्या पाटल्या, 2. मग पेन थांबवून म्हणाली, "मॅडम, त्यांना फोन मी करू की तुम्ही?"