एकटा लाइफगार्ड असताना कोणी बुडायला लागलं, तर आधी काय करावं?

तुम्ही विचारलंय की सोसायटीच्या स्विमिंग पूलवर तुम्ही एकटेच लाइफगार्ड आहात. कोणी बुडू लागलं तर आधी उडी मारायची की आधी मदत बोलवायची. आधी शिट्टी, मग उडी. मधे एक सेकंदही दवडू नका, पण क्रम हाच.

हे मी चुकून शिकलो. वडोदऱ्यात एका पूलवर होतो तेव्हाची, मे महिन्यातली सकाळ. दोरीपलीकडे गेलेला एक पोरगा दिसला आणि मी शिट्टी न वाजवताच सूर मारला. त्याला काठावर आणून मागे बघतो, तर उथळ बाजूला हवेच्या ट्यूबमध्ये बसलेली एक चिमुरडी उलटली होती, पाय वर. तिच्या आत्याने ओढून काढली म्हणून निभावलं. मी पाण्यात असताना बाकीच्यांकडे बघायला कोणीच नव्हतं. त्यानंतर माझ्या तीन लांब शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी बाहेर यायचं. वडोदरा असल्याने वर "बधा बहार नीकळो!" असं गुजरातीतही ओरडायचो.

उडीसुद्धा शेवटचा उपाय. काठाजवळ असेल तर पालथं पडून बांबू पुढे करा, नाहीतर दोरी बांधलेली रिंग फेका. आत जावंच लागलं तर रेस्क्यू ट्यूब (लाइफगार्ड सोबत नेतो ती तरंगणारी ट्यूब) तुमच्या आणि त्याच्या मधे राहू द्या आणि मागच्या बाजूने जा. त्याने मिठी मारलीच तर झटापट नको, खाली बुडी मारा. त्याला वर राहायचं असतं, तो सोडतो.

ओळखायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी गोची तिथेच आहे. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्यातल्या हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तेव्हापासून आईबाप मुलांना बजावतात, "काही झालं तर ओरड हं." पण बुडणारा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे टाकलेलं, शरीर उभं, हात बाजूंना पाणी दाबत असतात. श्वासच मिळत नाही तर हाक कुठून मारणार? लांबून बघणाऱ्याला वाटतं, खेळतोय. हे फार तर मिनिटभर चालतं, लहान मुलाचं त्याहूनही कमी.

बाहेर काढल्यावर शुद्ध नसेल आणि श्वासही नीट चालत नसेल, तर बुडलेल्याला आधी श्वास द्यायचे. डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, तोंडाने ५ श्वास. काही ठिकाणी २ शिकवतात. तुम्हाला शिकवलंय तेच करा. मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हेच चालू ठेवा. वेग मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे. तोंडातून फेस आला तर पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू. फोन स्पीकरवर टाकून १०८ लावा. आसपास कोणीच नसेल आणि फोनही लांब असेल, तर साधारण २ मिनिटं हे करून मगच फोनकडे धावा.

तेवढ्यात एखादे काका येतातच: "पोट दाबा, पाणी काढा", नाहीतर "पाय धरून उलटा करा." त्यांचं अजिबात ऐकू नका. पोट दाबलं की पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं, आणि जीव ऑक्सिजनवाचून जात असताना ती मिनिटं वाया जातात. काकांना फोन धरायला द्या, कामात राहतील.

म्हणून रोज पूल उघडताना नेहमीच्या पोहणाऱ्यांपैकी दोघांना सांगून ठेवा: एकाने फोन करायचा, दुसऱ्याने फाटकावर जायचं. वॉचमनलाही समजवा, अँब्युलन्स आली की रजिस्टर पुढे करायचं नाही. हसू नका, मी ते होताना पाहिलंय.

तो शुद्धीवर येऊन "बरं वाटतंय" म्हणाला तरी त्याला दवाखान्यात पाठवाच. त्रास नंतरच्या काही तासांत वाढू शकतो. आणि सेक्रेटरी कितीही म्हणोत, त्या दिवशी पूल पुन्हा उघडू नका. तुमचे हात संध्याकाळपर्यंत थरथरत असतात.