क्यूटीच्या (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायचं साधन) डायलॉगमध्ये नाव टाइप करून एंटर मारला की 'पुसा' बटण आपोआप का दाबलं जातं?

तुमच्या कोडमध्ये चूक नाही, क्यूटीची सवयच तशी आहे. क्यूडायलॉगमध्ये (क्यूटीची डायलॉग-खिडकी) ठेवलेल्या प्रत्येक क्यूपुशबटनचं, म्हणजे साध्या बटणाचं, ऑटोडिफॉल्ट (एंटरने आपोआप दाबलं जाण्याची मुभा) आधीपासून ट्रू असतं. डिफॉल्ट बटण, म्हणजे एंटरने दाबलं जाणारं मुख्य बटण, तुम्ही ठरवलं नसेल, तर एंटर मारल्यावर टॅबच्या क्रमात पुढे येणारं असं बटण दाबलं जातं. तुमच्याकडे नेमकं 'पुसा' पुढे आलंय!

'पुसा'वर सेटऑटोडिफॉल्ट(फॉल्स) करा आणि 'जतन करा'वर सेटडिफॉल्ट(ट्रू). क्यूटी डिझायनर (खिडक्या माउसने रचायचं साधन) वापरत असाल तर दोन्हींचे टिकबॉक्स प्रॉपर्टीच्या खिडकीत मिळतील. नुसतं सेटडिफॉल्ट केलंत, तर टॅबने 'पुसा'वर गेल्यावर एंटर पुन्हा त्यालाच लागेल. साध्या क्यूविजेटच्या (डायलॉग नसलेल्या) खिडकीत ही भानगड नसते, म्हणून तिथे चाललेला कोड डायलॉगमध्ये आणला की असा दगा देतो.