तुमचे प्रश्न : जी ९.६८ आला, खोडू का?

प्रश्न : सर, मी सोलापूरला अकरावी सायन्सला आहे. लंबकाच्या प्रॅक्टिकलला माझा जी (गुरुत्वाकर्षणामुळं पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा) ९.६८ आला. दोरा गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत १०० सेंमी, २० दोलनांना ४०.४ सेकंद. पाच वेळा मोजलं तरी ४०.३ ते ४०.५ च्या मधेच येतं. गोळ्याचा व्यास व्हर्निअरनं (बारीक मापं घ्यायच्या साधनानं) २.४ सेंमी आला, तो पण जर्नलमध्ये लिहिलाय. वर्गात बाकी सगळ्यांचा ९.८ नाहीतर ९.८१ आलाय कारण ते आधी उत्तर लिहितात आणि मग उलटं गणित करून रीडिंग भरतात. मला पण सांगितलंय, ९.८ आण नाहीतर सही नाही. काय करू?

उत्तर : अरे, तो ९.६८ खोडू नकोस, व्हाइटनर तर अजिबात लावू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि फार बरं वाटलं, कारण इतकी वर्षं प्रॅक्टिकल घेताना मी ढिगानं जर्नल तपासली आणि त्यातल्या कितीतरी जर्नलांत रीडिंग इतकी देखणी असायची की या पोरानं लंबकाला हात तरी लावला का असं वाटायचं आणि वाईट वाटायचं. तुझी रीडिंग खरी आहेत हे बघितल्या बघितल्या कळतं.

आता आपण दोघं मिळून बघू. पाचही वेळा ४०.३ ते ४०.५, म्हणजे इकडंतिकडं ०.१ सेकंद. ४० सेकंदांत ०.१ म्हणजे पाव टक्का, आणि सूत्रात आवर्तकालाचा, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग आहे त्यामुळे जी मध्ये तो दुप्पट होतो, अर्धा टक्का, म्हणजे साधारण ०.०५. तेवढी सूट दिली तरी तुझा जी ९.६३ ते ९.७३ च्या मधेच राहतो, पुढं सरकत नाही. म्हणजे गडबड स्टॉपवॉचच्या बटणावर झालेली नाही. रीडिंग कधी कमी कधी जास्त येत असतील तर ती हाताची आणि डोळ्याची चूक, जास्त रीडिंग घेऊन सरासरी काढली की ती कमी होते. पण रीडिंग एकमेकांना धरून आहेत आणि तरी सगळीच एका बाजूला झुकलीयेत, तेव्हा समजायचं की चूक मोजायच्या पद्धतीतच बसलीये, आणि ती शंभर वेळा मोजलंस तरी हलायची नाही, शोधूनच काढावी लागते.

आणि ती तुझ्या पत्रातच आहे बघ. तू लांबी नुसत्या दोऱ्याची घेतलीस. लंबकाची लांबी दोरा जिथं टांगलाय तिथून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरतात. व्यास २.४ म्हणजे त्रिज्या १.२, म्हणजे लांबी १०१.२ सेंमी. (गोळ्याला हुक असेल आणि तू दोरा हुकापर्यंतच मोजला असशील तर हुकाची उंचीपण मिळव.) आता चार गुणिले पायचा वर्ग गुणिले १.०१२, भागिले २.०२ चा (४०.४ भागिले २०) वर्ग, कर बरं. ९.७९ येतो. एकही रीडिंग न बदलता! व्हर्निअरनं मोजलेला आकडा जर्नलमध्ये वर होताच, तो फक्त खाली गणितात उतरला नाही.

आता ९.८१ चं. हा आकडा सोलापूरचा नाहीच. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांकडं जराशी चपटी आहे, म्हणून जी सगळीकडं सारखा नसतो, विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३. पुस्तकात ९.८०६६५ असतो ती १९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवून घेतलेली प्रमाण किंमत आहे, साधारण ४५ अक्षांशावरची. लंडनला मोजलं तर ९.८१ येतो. सोलापूर १८ अक्षांशाच्याही थोडं खाली, शिवाय समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच, तिथं ९.७८ ते ९.७९ च्या आसपासच यायला पाहिजे. म्हणजे ज्यांनी ९.८१ ‘आणला’ त्यांनी लंडनचं उत्तर सोलापुरात बसून लिहिलं, आणि तू खरं मोजलंस म्हणून तुझ्या हाताला सोलापूर लागलं. मला तर हे लिहितानाही आनंद होतोय.

तर जुनं टेबल तसंच ठेव. त्याखाली लिही की आधी त्रिज्या धरली नव्हती म्हणून ९.६८ आला, दुरुस्त लांबी घेतल्यावर ९.७९, आणि वेळेच्या मोजमापामुळं ०.०५ इतकं कमीजास्त होऊ शकतं. मग सहीला जा आणि शांतपणे समजावून सांग. सही देणाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे, असं पान आलं तर त्याला पूर्ण मार्क द्या, कारण चूक सापडण्याचा तो क्षण मुलाला पुन्हा पुन्हा मिळत नाही आणि आपण मात्र त्याच क्षणी त्याला खोटं लिहायला लावतो.

अजून एक, तुझ्या कुठल्या मित्राचा १०.८ च्या घरात येत असेल तर त्याची मोजणी बघ. घड्याळ सुरू करताना तो ‘एक’ म्हणत असणार. तिथं ‘शून्य’ म्हणायचं, नाहीतर १९ दोलनं होतात आणि भागतो आपण २० नं. आणि घड्याळ टोकाला नाही, मधे सुरू करायचं, मागं पेन्सिलची उभी खूण करून. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. तिनं पट्टीनं मोजून २५ सेंमी लिहिलं, बाईंनी त्याचं २५.० केलं आणि अर्धा मार्क कापला. दोन्ही एकच ना? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, गणितात एकच, मोजमापात नाही. २५ लिहिलं तर वाचणारा समजतो की खरी लांबी २४.५ ते २५.५ मध्ये कुठंही असेल. २५.० लिहिलं तर मी मिलिमीटरच्या रेघा बघितल्या आणि रेघ बरोब्बर २५ वरच होती, असं तुमची मुलगी सांगतेय. तिनं खरंच रेघा बघितल्या असतील तर तिची मेहनत त्या शून्यात आहे. मार्क कापायला नको होता हे मात्र माझं मत, सातवीत सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

उलटं पण होतं. ताप मोजताना आपण ९८.६ म्हणजे नॉर्मल म्हणतो आणि ९८.९ दिसलं की घाबरतो. हा आकडा कुठून आला? एकोणिसाव्या शतकात वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी पुष्कळ लोकांचं तापमान मोजून सरासरी ३७ सेल्सियस सांगितली. त्याला १.८ नं गुणून ३२ मिळवले की झाले ९८.६. मूळचा ३७ हा गोल आकडा, म्हणजे ३६.५ ते ३७.५, फॅरनहाइटमध्ये ९७.७ ते ९९.५. तो दशांश मोजून आलेला नाही, गुणाकारातून आलाय. कॅल्क्युलेटरवर आठ आकडे दिसतात ते सगळे उतरवायचे नसतात ते याचसाठी.

प्रश्न : आईच्या पाटल्यांसोबत जुनी चिठ्ठी आहे, ५ तोळे लिहिलंय. सराफाकडं वजन ५८ ग्रॅम भरलं. नात म्हणते तोळा म्हणजे १० ग्रॅम, मग चिठ्ठी चुकली का? (एक आजोबा, सातारा)

उत्तर : आजोबा, चिठ्ठी बरोबर आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, ५ तोळे म्हणजे ५८.३. हल्ली बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, म्हणून नात पण चूक नाही, एककाचं नाव एकच आणि मापं दोन. जुनी चिठ्ठी वाचताना कुठला तोळा ते आधी विचारायचं.

आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. गुंजेचं लाल बी मिळालं तर नातीकडून एक करून घ्या. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर एक गुंज ठेवली तर शून्यच दिसेल. शंभर ठेवा, साधारण १२ दिसतील, भागिले शंभर, काट्याला न दिसणारं वजन हातात आलं. वरच्या मुलानं एक दोलन न मोजता वीस मोजली ती याच युक्तीनं. फक्त ते बी विषारी असतं, फोडू किंवा तोंडात घालू देऊ नका, आणि मोजून झाल्यावर तिला हात धुवायला सांगा.