हवा पसरतेय की नुसतीच वर निसटतेय?

प्रश्न : आमच्या ढवळटाकीचा व्यास १ मीटर, पाणीही १ मीटर खोल. चार बॅफल (भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या), ३३ सेंटिमीटरचा रश्टन टर्बाइन (चकतीवर उभी पाती असलेला ढवळणारा पंखा, म्हणजे इम्पेलर), खालून सेकंदाला १३ लिटर हवा. १२० आरपीएमला (मिनिटाला १२० फेऱ्यांना) ऑक्सिजन फारच सावकाश विरघळतो, पण सीएफडी मॉडेल (प्रवाहाचं संगणकी मॉडेल) हवा टाकीभर पसरलेली दाखवतं. मॉडेलमधल्या बुडबुड्यांचा आकार बदलावा का? आणि केएलए, म्हणजे ऑक्सिजन पाण्यात विरघळण्याच्या वेगाचा गुणांक, नेमका कसा मोजायचा?

उत्तर : बुडबुड्यांना हात लावण्याआधी फेरे वाढवा. तुमचा इम्पेलर ‘फ्लड’ झालाय, म्हणजे हवा त्याला न जुमानता शाफ्टलगत सरळ वर जातेय. हिशेब असा : हवेच्या प्रवाहाला फेरे प्रति सेकंद आणि इम्पेलरच्या व्यासाचा घन यांच्या गुणाकाराने भागलं की फ्लो नंबर मिळतो. तुमच्याकडे तो ०.१८. फ्लडिंगची मर्यादा म्हणजे ३० गुणिले फ्रूड नंबर (फेरे प्रति सेकंदाचा वर्ग गुणिले इम्पेलरचा व्यास, भागिले गुरुत्वत्वरण) गुणिले इम्पेलर-टाकी व्यासांच्या गुणोत्तराचा ३.५ वा घात. १२० आरपीएमला ती जेमतेम ०.०८ येते. एवढ्या हवेला किमान १५५ आरपीएम लागतात. सूत्र अंदाजाचं आहे, काठावर चालवू नका, १८० ठेवा.

मॉडेल का फसतं? बहुधा सगळे बुडबुडे एकाच लहान आकाराचे गृहीत धरलेत. लहान बुडबुडे पाण्याबरोबर मुकाट फिरतात. शिवाय पात्यांमागे हवेच्या पोकळ्या साचतात, त्यामुळे इम्पेलरचा जोर कमी होतो. तिथली मेश (मॉडेलची हिशेबाची जाळी) जाड असेल तर मॉडेलला त्या दिसतच नाहीत. तपासणी सोपी आहे. १८० आरपीएमला हवेशिवाय सुमारे ५३० वॉट लागायला हवेत, आणि हवा सोडल्यावर ते ठळकपणे, कधीकधी निम्म्यापर्यंत, उतरायला हवेत. हा आकडा शाफ्टवरच्या टॉर्कमधून काढा. मोटरच्या अँपिअरवर जाऊ नका, त्यात गिअरबॉक्स आणि सीलचं घर्षणही मोजलं जातं. मॉडेलमध्येही पात्यांवरच्या टॉर्कची पॉवर आणि टाकीभरच्या एप्सिलॉनची (खळबळीत ऊर्जा विरण्याच्या दराची) बेरीज ताडून पाहा. बेरीज बरीच कमी भरली तर आधी मेश बारीक करा. त्या एप्सिलॉनवरून बुडबुडे फुटण्याचा हिशेब मांडणं फुकट आहे.

केएलएसाठी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन जवळपास शून्यावर आणा, मग हवा सुरू करा. सुरुवातीचा भाग टाकून द्या, तेव्हा टाकीत नायट्रोजनचेच बुडबुडे असतात. साधारण २० ते ८० टक्के संपृक्ततेदरम्यान, उरलेल्या तुटीच्या (संपृक्ततेला ऑक्सिजन किती कमी पडतो त्याच्या) लॉगरिदमचा वेळेनुसार आलेख काढा. त्याच्या उताराचं चिन्ह उलटं केलं की केएलए. प्रोब (ऑक्सिजन मोजणारी कांडी) आधी तपासा : नायट्रोजनच्या पाण्यातून हवेच्या पाण्यात बुडवल्यावर ६३ टक्के वाचन यायला १० सेकंद लागत असतील, तर सेकंदाला साधारण ०.०२ च्या वरचे केएलए त्यावर विश्वासाने मोजता येत नाहीत.

आणि प्रत्यक्ष द्रवात क्षार असतील तर नळाच्या पाण्यावरचा आकडा तिथे चालणार नाही. खारट पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात. केएलए पॉवरच्या घातानुसार वाढतो. तो घात साध्या पाण्यात सुमारे ०.४, खाऱ्यात ०.७. चाचणी त्याच द्रवात घ्या.