उत्तर: लग्नाची डीव्हीडी अर्ध्यावर अडकते, नाटकाची लागतच नाही

ताई, तुमच्या दोन्ही डिस्कचं दुखणं वेगळं आहे. नवा विंडोज ११ लॅपटॉप, यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह, विकतची नाटकाची डीव्हीडी सुरूच होत नाही आणि २००७ च्या लग्नाची डीव्हीडी तासाभराने थांबते, असं तुम्ही लिहिलंय. एक विनंती: लग्नाची डिस्क आता पुन्हा पुन्हा लावून बघू नका. का ते पुढे सांगतो.

आधी नाटकाची. तिच्यात बहुधा काही बिघाड नाही. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीने साठवलेलं असतं आणि ते उलगडून डीव्हीडी दाखवण्याची सोय विंडोज ८ पासून सोबत मिळत नाही. व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, ते फुकट आहे. मग मीडिया मेन्यूतून ओपन डिस्क निवडा. मेन्यूवरच अडकलं तर तिथेच 'नो डिस्क मेन्यूज' वर टिक करा. चित्रात आडव्या दातेरी रेघा दिसल्या तर डीइंटरलेस, म्हणजे त्या रेघा घालवण्याची सोय, चालू करा.

डिस्क परदेशातून आली असेल तर मागे रीजन कोड, म्हणजे ती कुठल्या प्रदेशासाठी आहे तो आकडा, बघा. भारताचा ५, अमेरिकेचा १. ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्या वेळी जो ठेवाल तो कायमचा. म्हणून सहज म्हणून बदलू नका.

आता लग्नाची. ती घरी किंवा स्टुडिओत 'बर्न' केलेली, म्हणजे माहिती रंगद्रव्याच्या थरात आहे आणि तो थर वर्षांगणिक विटतो. लेखन आतल्या कडेकडून बाहेर जातं. त्यामुळे सुरुवात नीट चालून पुढे अडकणं म्हणजे बाहेरची कड खराब होणं, हे मी अनेकदा पाहिलंय. बोटांचे ठसे तिथेच लागतात. वर फोटोचं कागदी स्टिकर असेल तर डिस्क वेगात डुगडुगते, पण ते सोलू मात्र नका. ओलसर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही; गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग बराच भाग नेतो. टूथपेस्ट अजिबात नको.

ड्राइव्ह थेट लॅपटॉपला जोडा, अनेक यूएसबी जोडण्याच्या हबमधून नको. करंट कमी पडला की तो मध्येच थांबतो आणि आपण डिस्कला दोष देत बसतो. ड्राइव्हवर सीडी चालते पण एकही डीव्हीडी चालत नसेल तर डीव्हीडीचा लेझर गेला असं समजा; दोघांचे लेझर वेगळे असतात.

मग लग्नाचा व्हिडिओ बघण्याऐवजी आधी प्रत काढा. विंडोजच्या एक्सप्लोररने डिस्कवरचा व्हिडिओ टीएस फोल्डर (त्यात सगळा व्हिडिओ असतो) कॉपी करताना एरर आली आणि स्किप केलं, तर जवळजवळ १ जीबीची अख्खी फाइल हातची जाते. त्याऐवजी लिनक्सवरचं (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर वापरा. ते आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अवघड जागा शेवटी घेतं आणि काय राहिलं त्याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतं. खरी गंमत इथे आहे: तीच डिस्क, तीच मॅपफाइल आणि दुसऱ्या कोणाचा तरी ड्राइव्ह घेतला की फक्त उरलेल्या जागा पुन्हा वाचल्या जातात. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. माझ्या पुतण्याच्या मुंजीच्या डिस्कवर पहिल्या ड्राइव्हने शेवटची वीस मिनिटं सोडली होती, शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने जवळपास सगळी दिली. त्यात माझी आजी बोलते, ती आता नाही. म्हणूनच सांगतो, विटत चाललेली डिस्क प्रत्येक वेळी गरगर फिरवू नका.

प्रत हाती आली की तीच आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) व्हीएलसीमध्ये उघडा आणि दोन ठिकाणी ठेवा. डीडीरेस्क्यूची आज्ञा हवी असेल तर ड्राइव्हचं मॉडेल कळवा, मी ती तुमच्यासाठी लिहून देतो.