लाईटशिवाय भाजी ताजी ठेवायची कशी? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आमची थोडी भाजी असते, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो. उन्हाळ्यात मेथी एका दिवसात माना टाकते, मग व्यापारी म्हणेल त्या भावात द्यावी लागते. लाईटचा तर भरवसाच नाही. स्वस्तात काही होईल का?
– एक वाचक, म्हसवड

उत्तर : होईल की, आणि लाईट लागतच नाही. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात विटांचा एक हौद काढला, नाव भारदस्त आहे, शून्य ऊर्जा शीतकक्ष, पण आतलं तत्त्व माठाचंच. सावलीत, वारा लागेल अशी जागा बघा, साधारण साडेपाच बाय पावणेचार फुटांत विटांचा एक थर अंथरा, त्यावर एकात एक अशा विटांच्या दोन भिंती सव्वादोन फूट उंच रचा, मधे तीन इंचाची फट ठेवून त्यात नदीची वाळू भरा आणि सगळं चिंब होईस्तोवर पाणी मारा. वर बांबूच्या चौकटीवर गोणपाट. मग रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहायचं, भाजी धुतलेलं चालतं. पाण्याची वाफ होताना आतली उष्णता जाते, भर उन्हाळ्यात आत बाहेरपेक्षा १०-१५ अंश कमी राहतं. अंदाजे १०० किलो माल मावतो. माल कॅरेटमधे ठेवा, ओल्या विटांना टेकू देऊ नका. कांदा-लसूण आत अजिबात नको, दमटपणाने कुजतो. विटा पडक्या गोठ्याच्या असल्या तरी चालतील पण हौसेनं प्लास्टर करू नका (गवंडी आग्रह करणारच!), पाणी झिरपायचं बंद होईल. माण तालुक्याची हवा कोरडी म्हणून तुमच्याकडे हे जमतं, जुलैत महाबळेश्वरला कुणी बांधलं तर काही उपयोग नाही.

प्रश्न : मोहित्यांच्या वडगावासारखा भोंगा आमच्या गावातपण लावायचाय, पण पोरं हसतात. टिकेल का?
– एक ग्रामपंचायत सदस्य, विटा परिसर

उत्तर : हसू द्या, तिथंपण आधी लोक हसलेच होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कडेगाव तालुक्यातल्या या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो, घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद होतात, साडेआठला परत भोंगा वाजला की सुरू. त्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. आता भोंगा काय कुणीही विकत आणेल, पण तिथं सुरुवातीला ग्रामपंचायतीची माणसं आणि वॉर्डातले कार्यकर्ते घरोघरी फिरून बघायचे, खरी मेहनत ती. तुमच्याकडे रोज संध्याकाळी फिरायला कोण तयार आहे त्यांची नावं आधी लिहून काढा, दहा-बारा जण मिळाले तरच भोंगा आणा. आणि मालिका बघणाऱ्या बायकांना विश्वासात घ्या हो, त्यांना परस्पर वगळून हे एक आठवडा चालणार नाही. सदस्यांनी स्वतःचा मोबाईल आधी बंद करावा हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. आई साडीच्या फडक्यातून गाळते, त्याने खरंच काही होतं का?
– एक कॉलेज विद्यार्थी, पलूस

उत्तर : होतं. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या करून पाणी गाळून बघितलं तर कॉलराचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, २००३ मधे हे संशोधन छापून आलंय. कॉलराचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटलेले असतात, ते कापडात अडकतात. साडी जुनीच घ्या, धुऊन धुऊन तिची वीण दाटते. वापरलं की फडकं धुऊन कडक उन्हात वाळवा. पण सुटे जंतू नि विषाणू त्यातून आरामात जातात, त्यामुळे पूर आल्यावर किंवा गावात जुलाबाची साथ असली तर गाळून झाल्यावर पाणी उकळायचंच.