सासऱ्यांच्या गालातली कळ : तिसरी दाढ काढण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सासऱ्यांचं वय ६३, गाव जांबोटीकडचं. उजव्या गालात आणि खालच्या जबड्यात करंट लागल्यासारखी कळ येते. एकामागून एक दोन दाढा काढून झाल्या, मध्ये काही आठवडे बरं वाटलं, आता पुन्हा तेच सुरू आहे आणि तिसरी दाढ काढायला सांगितलंय. काढावी का, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर : आत्ता काढू नका.

मी दंतवैद्य आहे. तोंडाच्या आजारांचं निदान हाच माझा विषय, आणि बेळगाव जिल्ह्यात बरीच वर्षं पेशंट बघते आहे. पेशंट न बघता निदान करता येत नाही, हे खरंच. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याची, शंका इतकी दाट आहे, की ती फिटल्याशिवाय आणखी एका दाढेला चिमटा लावणं मला पटत नाही.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी जी मोठी नस आहे, तिला ट्रायजेमिनल म्हणतात. तिच्या तीन फांद्या : एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. या आजारात बहुतेकदा दुसरी आणि तिसरी फांदी दुखते, म्हणून पेशंट आधी दातांच्या डॉक्टरकडेच येतो. मूळ बिघाड मात्र दातात नसतो. नस मेंदूच्या देठातून जिथे बाहेर पडते, तिथे बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी तिला घासत असते. वयानुसार रक्तवाहिन्या लांबतात, वळतात, त्यामुळे पन्नाशीनंतर हे जास्त दिसतं. घासून घासून नसेवरचं आवरण झिजतं, वायरचं प्लास्टिक निघून तांब्याला तांबं लागावं तसं होतं, आणि साध्या स्पर्शाचं रूपांतर कळीत होतं. आजार दुर्मिळ आहे, वर्षाला लाखात साधारण ४ ते १३ नवे रुग्ण. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरला तो चटकन सुचला नाही, तर त्यांना दोष देऊ नका.

निदान मशीनवर होत नाही, पेशंटच्या बोलण्यावर होतं. म्हणून आज संध्याकाळी सासऱ्यांजवळ बसा आणि शांतपणे विचारा. कळ किती वेळ टिकते? न्यूराल्जियाची कळ क्षणभराची, फार तर दोन मिनिटांची. अशा एकामागून एक कळा येतात, मध्ये मोकळं वाटतं. कशाने येते? तोंड धुताना, दात घासताना, दाढी करताना, पहिला घास चावताना, बोलायला तोंड उघडल्यावर, एसटीच्या खिडकीतून गार वारा लागल्यावर. रात्री झोपेतून उठवते का? न्यूराल्जिया सहसा झोपू देतो. किडलेल्या दाताचा ठणका मात्र रात्री आडवं झाल्यावर वाढतो, गरम चहाने पेटतो आणि मिनिटंच्या मिनिटं रेंगाळतो. कळ नेमकी कुठे, हे बोट लावून दाखवायला सांगा. न्यूराल्जियाचा माणूस बोट गालापर्यंत नेतो आणि लावत नाही, हवेतच थांबवतो. दाताचं दुखणं असलेला माणूस दाढ दाबून दाखवतो.

चिकोडीकडचे एक आजोबा माझ्याकडे आले होते. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, बोलणं सगळं मुलाच्या मार्फत. टॉवेल काढला तेव्हा डावा गाल स्वच्छ दाढी केलेला आणि उजव्या गालावर पांढरी खुंटं वाढलेली, नाकाच्या कडेची घडी तर धुतलेलीच नव्हती, तिथे मळाची काळी रेघ. आत बघितलं तर डावीकडचे दात घासलेले आणि उजवीकडे दातांवर पिवळा थर. घरच्यांना वाटत होतं की म्हातारा आळशी झालाय, टापटीप राहिली नाही. त्या अर्ध्या दाढीनेच मला निम्मं निदान सांगितलं. मी कापसाची बारीक वात करून ओठाच्या कोपऱ्याला नुसती टेकवली, आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून खुर्चीचा हात धरला. तुमच्या सासऱ्यांची दाढी, आंघोळ, जेवण याकडे या नजरेने बघा. ते दोन घास खाऊन ताट सरकवत असतील, तर भूक नाही म्हणून नव्हे, चावायची भीती वाटते म्हणून.

आता, दाढ काढल्यावर बरं का वाटलं? याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण याच ठिकाणी चांगले चांगले डॉक्टरही फसतात. या आजाराला आपोआप विश्रांतीचे काळ असतात. काही आठवडे, काही महिने, कधी त्याहून जास्त काळ कळ गायब होते. त्याच सुमारास दाढ काढलेली असली की सगळं श्रेय दाढेला जातं. कळ परत आली की शेजारच्या दाढेवर संशय येतो, आणि असं करत करत अख्खी बाजू रिकामी झालेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरा चकवा भुलीच्या इंजेक्शनचा. भूल दिल्यावर कळ थांबली, म्हणजे दोषी तोच दात, असा तर्क केला जातो. पण ज्या जागेला स्पर्श झाल्यावर कळ उठते ती जागाच बधिर झाली, तर न्यूराल्जियाची कळसुद्धा तेवढ्यापुरती थांबते. त्यामुळे दाढ काढण्याआधी निदान एवढं तरी व्हायला हवं : एक्स-रेत कीड किंवा मुळाशी गाठ दिसते का, ठोकल्यावर दाढ दुखते का, गार-गरम लावल्यावर काय होतं, दाढेला बारीक तडा आहे का. यातलं काहीच सापडत नसेल, तर ती दाढ निरोगी आहे.

सारखं दिसणारं दुसरं काय असू शकतं, तेही सांगते. कळ घशात, जिभेच्या मुळाशी उठून कानात जात असेल आणि गिळताना येत असेल, तर ती वेगळ्या नसेची, ग्लोसोफॅरिंजियल न्यूराल्जियाची असू शकते. त्यात कधी कधी नाडी मंदावून माणूस चक्कर येऊन पडतो, म्हणून तिथे वेळ घालवायचा नाही. घशात हाडूक अडकल्यासारखं सतत वाटणं आणि मान वळवल्यावर दुखणं असेल, तर कानाखालचं स्टायलॉइड हाड वाढलेलं असू शकतं. ते साधारण अडीच सेंटिमीटरचं असतं, तीनच्या पुढे गेलं की वाढलेलं धरतात. याला ईगल सिंड्रोम म्हणतात. टॉन्सिलच्या जागी बोटाने दाबल्यावर ते टोचतं, आणि सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतं. जेवायला बसल्यावर जबड्याखाली सूज येत असेल तर लाळेच्या नळीतला खडा. नागीण येऊन गेल्यावर त्याच बाजूला जळजळ राहिली असेल तर तो वेगळा विषय. तुमच्या वर्णनात यातलं काही मला दिसत नाही.

एमआरआय एकदा करायलाच हवा. गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतल्या नसांवरचं आवरण बिघडवणारा आजार) नाही ना, हे बघण्यासाठी. गाल बधिर वाटणं, त्याच बाजूचा कान कमी ऐकू येणं, दोन्ही बाजूंना कळ, किंवा वय चाळिशीच्या आत, यातलं काही असेल तर एमआरआय ताबडतोब. बारीक रक्तवाहिनी आणि नस दाखवणारा एमआरआयचा खास प्रकार (सिक्वेन्स) असतो, तो करायला डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहायला सांगा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

औषध कार्बामाझेपिन. १९६२ मध्ये ब्लोम या स्वीडिश डॉक्टरांनी या दुखण्यावर त्याचा गुण दाखवला, आणि आजही पहिली गोळी तीच. साधारण १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात करून डॉक्टर हळूहळू डोस वाढवतात. काही दिवसांतच फरक पडला, तर निदानालाही बळकटी येते. डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलरचा या कळीवर उपयोग होत नाही, पोट आणि किडनी मात्र बिघडते. कार्बामाझेपिन ही फिट्सचीही गोळी आहे. मेडिकलवाल्याने ‘अहो, ही तर फिट्सची’ म्हटल्यावर घाबरून बंद केल्याचे प्रकार होतात, तसं करू नका.

पण ती हलक्यात घेण्यासारखीही नाही. गुंगी येणं आणि तोल जाणं सुरुवातीला बऱ्याचदा होतं, म्हणून पहिले काही दिवस त्यांना बांधावरून, विहिरीकडे एकटं जाऊ देऊ नका. रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून रक्ततपासणी वेळोवेळी. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, ताप, यातलं काहीही आलं तर पुढची गोळी न देता थेट दवाखाना गाठा. क्वचित ही रिअॅक्शन जिवावर बेतते. काही लोकांत तिचा धोका एचएलए-बी १५:०२ या जनुकामुळे वाढतो, ती तपासणी आधी करता येईल का ते न्यूरोलॉजिस्टना (मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना) विचारा. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक सोबत घेतली तर कार्बामाझेपिनचं रक्तातलं प्रमाण चढतं आणि माणूस लटपटायला लागतो. खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. ती सोसली नाही तर ऑक्सकार्बाझेपिन आहे.

गोळ्यांनी भागलं नाही तर ऑपरेशन आहे. कानामागे छोटं छिद्र करून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. पिट्सबर्गच्या पीटर जॅनेटा यांनी ही पद्धत रूढ केली. दहा वर्षांनंतरही साधारण ७० टक्के लोकांना गोळीशिवाय आराम टिकतो, असं त्यांच्याच रुग्णांच्या १९९६ च्या अभ्यासात दिसलं. त्या बाजूचा कान कमजोर होण्याचा थोडा धोका असतो. हृदयविकार असेल, भूल झेपत नसेल, तर गालातून सुई नेऊन नस शेकण्याचे किंवा फुगा फुगवून दाबण्याचे उपाय आहेत. त्याने गाल थोडा बधिर होतो, काही वर्षांनी दुखणं परतही येऊ शकतं.

कुठे जायचं? बेळगावात डेंटल कॉलेजच्या ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांच्या) विभागात दाखवा, तिथे दात आहे की नस, याचा निकाल लागेल. पुढे न्यूरोलॉजिस्ट, तेही शहरातच मिळतील. जांबोटीहून चोर्ला घाटाने गोव्याचं बांबोळीचं मेडिकल कॉलेजही तुम्हाला जवळ आहे. ऑपरेशनची वेळ आली तर बंगळूरचं निम्हान्स, मेंदू आणि नसांच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल. दुखण्याचं वर्णन एका कागदावर लिहून न्या : कधी सुरू झालं, कशाने उठतं, किती सेकंद टिकतं, मध्ये किती दिवस बरे होते, कुठल्या गोळ्या झाल्या. सासऱ्यांना ओपीडीत बोलताना कळ आली की ते गप्प बसतील, आणि डॉक्टर कानडीत विचारतील तेव्हा तर आणखीच. काढलेल्या दाढांचे जुने एक्स-रे असतील तर तेही पिशवीत टाका.

खर्चाचं : बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. बहुतेक उपचारांना सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, म्हणून आधी खानापूरचं सरकारी हॉस्पिटल किंवा बेळगावचं बिम्स (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल), तिथून पत्र, मग मोठं हॉस्पिटल. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केल्याचं जाहीर केलं होतं. कोल्हापूर-मिरजेकडे जाणार असाल तर तुमचं गाव त्यात धरतात का आणि कोणते कागद लागतील, हे ॲडमिट होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारून घ्या, कारण ऑपरेशन झाल्यावर मंजुरी मिळवणं फार अवघड जातं. गोळी सुरू झाली की पावसाळ्याआधी दोन महिन्यांचा साठा घरात ठेवा. रस्ता बंद झाला आणि गोळी एकदम तुटली, तर कळ परत उसळते.